कुत्रा घर सोडून का जातो? वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. घरात जीव लावून वाढवलेला कुत्रा संधी मिळताच बाहेर पडतो, कधी तासाभराने परततो, कधी दोन दिवसांनी अंगावर जखमा घेऊन येतो, आणि घरातल्या माणसांना काय करावे ते कळत नाही. पत्रे कोल्हापूर शहरातली आहेत, तशीच करवीर आणि कागल तालुक्यांतलीही आहेत. बहुतेकांनी विचारले आहे की त्याला अडवायचे कसे. अडवण्याचे उपाय मी सांगणारच आहे. परंतु कुत्रा कशासाठी बाहेर जातो हे ओळखल्याशिवाय केलेला कोणताही बंदोबस्त फार दिवस टिकत नाही, कारण ओढ कायम असली की आज फाटकाखालून जाणारा कुत्रा उद्या भिंतीवरून जातो. म्हणून प्रत्येक पत्रात आधी कारण शोधले आहे आणि मग उपाय.

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर नर आहे. वर्षाचा होईपर्यंत त्याने कधी उंबरा ओलांडला नाही. आता पहाटे दूधवाल्यासाठी फाटक उघडले की तो निसटतो आणि थेट रिंग रोडच्या पलीकडे जातो. एकदा तर रात्रभर बाहेर होता. शस्त्रक्रिया करून घ्यावी असे मला वाटते. पण वडिलांचे म्हणणे असे की, खच्चीकरण केलेला कुत्रा मऊ पडतो आणि राखण सोडतो. आम्ही काय करावे? (एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर : वयात आलेला, शस्त्रक्रिया न झालेला नर अचानक भटकू लागला, तर सर्वांत आधी मादीच्या ओढीचा विचार करावा. कुत्री साधारणपणे सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तो माज सुमारे तीन आठवडे चालतो. या काळात तिच्या लघवीला आणि स्रावाला येणारा वास नराला लांबूनही जाणवतो. नराला स्वतःचा असा हंगाम नसतो. परिसरात एखादी मादी माजावर असली की तो वर्षात केव्हाही अस्वस्थ होतो, समोरचे ताट सोडतो, रात्री रडतो आणि दार उघडण्याची वाट पाहत बसतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात रस्त्यावरच्या माद्या मोठ्या संख्येने माजावर येतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्यामुळे त्यांची पिल्ले पुढे थंडीच्या दिवसांत गल्लोगल्ली दिसतात. आपल्या कुत्र्याच्या भटकण्याच्या तारखा एखाद्या वहीत लिहून ठेवल्या, तर त्या सलग दोन-तीन आठवड्यांच्या गटांत पडतात का, हे सहज लक्षात येईल. तसे असेल तर कारणाविषयी शंका उरत नाही.

अशा कुत्र्याला निर्बीजीकरणाचा चांगला उपयोग होतो. शस्त्रक्रियेमुळे बहुसंख्य नरांचे भटकणे कमी होते, त्याबरोबर जागोजागी लघवी करून खुणा करणे आणि इतर नरांशी होणाऱ्या मारामाऱ्याही कमी होतात. वडिलांची शंका मला अनेक घरांत ऐकू येते आणि तिचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. अनोळखी माणूस दिसल्यावर भुंकणे, दारावर लक्ष ठेवणे, घरच्या माणसांना सांभाळणे हे गुण नराच्या संप्रेरकावर (हार्मोनवर) अवलंबून नसतात. तसे असते तर कुत्रीने कधी राखण केलीच नसती, आणि आपल्या मळ्यांवर उत्तम राखण करणाऱ्या कितीतरी कुत्र्या आहेत. कुत्रा मऊ पडल्यासारखा दिसतो तो बहुधा वजन वाढल्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर शरीराची खाद्याची गरज घटते, भूक मात्र वाढते. लॅब्रॅडॉर मुळातच लठ्ठपणाकडे झुकणारी जात असल्यामुळे पहिल्या दिवसापासून खाणे मोजून द्यावे. मोठ्या जातींत सांध्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणे हितावह असते. दीड वर्षाच्या वयात ती अडचण सहसा राहत नाही. कुत्रा स्वभावाने फार भित्रा असेल तर मात्र ही गोष्ट आपल्या पशुवैद्यकाला आधी सांगावी, कारण अशा काही कुत्र्यांत शस्त्रक्रियेनंतर भीती वाढलेली दिसते.

परिणाम दुसऱ्या दिवशी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. संप्रेरक काही दिवसांतच उतरते, पण बाहेर फिरण्याची लागलेली चटक मोडायला कित्येक आठवडे जातात. महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे, कारण आधीच तयार झालेले शुक्रजंतू तेवढे दिवस शरीरात राहू शकतात.

शस्त्रक्रियेने ओढ कमी होईल; वाट मात्र आपल्यालाच बंद करावी लागेल. आवाराची पाहणी आपण उभ्याने करतो आणि त्यामुळे आपल्याला काहीच सापडत नाही. गुडघ्यांवर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून संपूर्ण कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी. जिथून तो जातो तिथे खुणा असतातच. फाटकाच्या खालच्या पट्टीला केसांचा पुंजका अडकलेला असतो. जाळीच्या तळाशी माती दाबली जाऊन गुळगुळीत झालेली असते. भिंतीवर नखांचे उभे ओरखडे असतात आणि त्यांच्या अगदी खाली एखादी मोठी कुंडी, विटांचा ढीग किंवा स्टँडवर लावलेली स्कूटर असते, जिचा तो पायरीसारखा उपयोग करतो. ती पायरी हलवली तर पाच फुटांची भिंत बहुतेक लॅब्रॅडॉरना पुरते. खालून उकरून जाणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचा तळ आतल्या बाजूला फूट-दीड फूट आडवा वळवून त्यावर दगड आणि माती घालावी, म्हणजे तो जिथे उकरायला लागतो तिथेच त्याच्या पंजाला जाळी लागते.

आपल्या पत्रात खरी फट दिसते ती दूधवाल्याच्या वेळेची. फाटकाच्या आत चार-पाच फुटांवर कमरेच्या वर येईल असे दुसरे छोटे दार बसवून घ्यावे आणि एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, असा घरातल्या सर्वांसाठी, मुलांसह, नियम करावा. ते होईपर्यंत दुधाची पिशवी भिंतीच्या बाहेरून अडकवता येईल असा आकडा लावला तरी पहाटेचा प्रश्न सुटतो. आणि त्याच पहाटे, पट्टा लावून, त्याला निवांत फिरवून आणावे. चालण्याच्या अंतरापेक्षा वास घेत थांबायला मिळालेला वेळ कुत्र्याला जास्त समाधान देतो. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर असा मिळाला तर निसटण्याची उतावीळ बरीच उतरते.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. तो परतल्यावर त्याला मारू नये, रागावू नये. मार कशाबद्दल मिळाला हे कुत्रा शेवटच्या कृतीवरून ठरवतो आणि त्याची शेवटची कृती घरी येणे ही असते. परतल्यावर मार खाणारा कुत्रा पुढच्या वेळी हाकेच्या अंतरावर थांबतो आणि हात लावू देत नाही.

प्रश्न : कागलजवळ आमचा मळा आहे. तिथे तीन वर्षांची कारवान जातीची कुत्री आहे. ऊस तुटायला लागला की ती थांबत नाही. ससा किंवा कोल्हा उठला की दिसेनाशी होते, हाका मारून उपयोग होत नाही. नवा चामडी पट्टा आणला, तोही मान मागे ओढून काढून टाकते. शस्त्रक्रिया आधीच झाली आहे. (एक शेतकरी वाचक, कागल तालुका)

उत्तर : इथे ओढ शिकारीची आहे, आणि ती या जातीत पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक जोपासलेली आहे. आपण जिला कारवान म्हणतो तीच सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने तिला आश्रय दिला आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत तिलाही स्थान मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ही नजरेने शिकार करणारी कुत्री आहे. दूरवर हललेले जनावर दिसताच मालकाच्या हुकमाची वाट न पाहता धावणे हेच तिच्याकडून शतकानुशतके अपेक्षित होते. त्यामुळे ती धावू लागल्यावर हाक ऐकत नाही याला हट्ट म्हणू नये. त्या क्षणी तिचे सगळे लक्ष डोळ्यांत असते.

गळीत हंगाम हा तिच्यासाठी वर्षातला सर्वांत कठीण काळ आहे. उभ्या उसात दडलेले ससे, उंदीर, रानडुकरे फड तुटताच उघड्यावर येतात आणि जिथे काल हिरवी भिंत होती तिथे आज लांबवर मोकळे रान दिसते. फडात शिरलेल्या कुत्रीला पाचटाने डोळे आणि अंग चिरण्याचा, घोणस चावण्याचा, डुकरांसाठी लावलेल्या फाशात अडकण्याचा धोका असतो. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्यास कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य ठरते, म्हणून अंधार पडल्यावर तिला गोठ्याच्या किंवा घराच्या आत, दाराआड ठेवावे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे. काही जणांना कुत्र्याने ससा आणल्याचे कौतुक वाटते. ते कौतुक थांबले नाही तर कुत्रीचे जाणेही थांबणार नाही.

पट्ट्याचे कारण तिच्या अंगकाठीत आहे. कारवानचे डोके लांबट आणि अरुंद असते, मान त्या मानाने जाड आणि पिळदार. साधा पट्टा मानेला बरोबर बसवला तरी ती मागे सरकून मान खाली घालते आणि तो कानांवरून अलगद निघतो. तिच्यासाठी मार्टिंगेल पद्धतीचा पट्टा घ्यावा. हा पट्टा रुंद असतो आणि त्याला एक जास्तीचा छोटा फास असतो. ओढ बसली की तो थोडाच आवळतो, ठरावीक मापाच्या पुढे आवळत नाही, म्हणून श्वास अडकत नाही. माप घेताना पट्टा कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या टोकाला बसवावा आणि तो पूर्ण आवळलेला असताना दोन्ही कड्यांमध्ये दोन बोटांचे अंतर राहते का, हे पाहावे. कडी एकमेकींना टेकत असतील तर पट्टा सैल आहे. काम संपल्यावर आणि ती एकटी असताना हा पट्टा काढून ठेवावा, कारण त्याचा फास कुंपणाच्या तारेत अडकू शकतो.

मळ्यावर मोकळीक द्यायची असेल तेव्हा दहा-पंधरा मीटरची हलकी दोरी वापरावी, पण ती मानेच्या पट्ट्याला कधीही बांधू नये. छातीवरून येणाऱ्या हार्नेसला बांधावी. ही कुत्री काही पावलांतच पूर्ण वेग घेते आणि दोरी संपली की तो सगळा झटका मानेच्या मणक्यांवर येतो. धावणे ही तिची गरज आहेच. मळ्याचा एखादा कोपरा सहा फुटी जाळीने बंदिस्त करून तिथे तिला दररोज मनसोक्त पळू द्यावे. झटका मशीनच्या तारा काही जण कुत्र्यासाठीही वापरतात. ते मी सर्वस्वी अमान्य करतो. शिकारीच्या आवेशात ती तार ओलांडून जाते आणि परत येताना मात्र त्याच तारेला भिऊन बाहेर राहते.

प्रश्न : आम्ही प्रयाग चिखलीचे. पुराच्या दिवसांत सोनतळीला राहायला जातो. कुत्र्याला बरोबर नेतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावातल्या घराकडे परत जातो. पाण्याच्या दिवसांत फार जिवाला लागते. (एक वाचक, प्रयाग चिखली)

उत्तर : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठच्या कितीतरी घरांनी ही काळजी अनुभवली आहे. आपल्या कुत्र्यासाठी घर म्हणजे अजून चिखलीचेच घर आहे. त्या कोपऱ्यांना त्याचा स्वतःचा वास आहे, तिथे त्याला रोज जेवण मिळाले आहे. सोनतळीत माणसे ओळखीची असली तरी जागा परकी आहे आणि परतीची वाट त्याला येते. २०२० साली चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस बसवून जंगलात सोडले, तेव्हा काही कुत्रे आल्या मागाचा वास घेत परतले, तर काही अगदी नव्या वाटेने. नव्या वाटेने येणाऱ्यांपैकी अनेकांनी परतण्याआधी सुमारे वीस मीटरची एक धाव उत्तर-दक्षिण दिशेने घेतली होती, आणि त्यावरून त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मदत होत असावी असा विचार त्या संशोधकांनी मांडला. तेव्हा गाडीत घालून नेले म्हणजे त्याला वाट समजणार नाही, या भरवशावर राहू नये.

पुराची वाट न पाहता उन्हाळ्यातच तयारी सुरू करावी. मे महिन्यात अधूनमधून त्याला सोनतळीला न्यावे, तिथेच जेवण द्यावे, एखादी रात्र मुक्काम करून परतावे. स्थलांतराच्या वेळी त्याचे न धुतलेले अंथरूण, त्याचे पाण्याचे भांडे आणि घरातल्या माणसाचा वापरलेला कपडा सोबत असू द्यावा. नव्या जागी पहिले दोन-तीन आठवडे तो पट्ट्याशिवाय बाहेर पडता कामा नये, आणि जेवण, फिरणे, झोपणे यांच्या वेळा गावातल्यासारख्याच राहाव्यात. हाच क्रम पेठेतले जुने घर सोडून पाचगाव किंवा आर. के. नगरकडे राहायला गेलेल्या वाचकांनाही लागू पडतो. त्यांचीही दोन पत्रे आली आहेत.

आणि पाणी चढत असताना काही कारणाने कुत्र्याला बरोबर नेता आले नाही, तर त्याला बांधून किंवा कोंडून जाऊ नये. साखळी सोडावी, शक्य असल्यास माडीचा जिना उघडा ठेवावा. मोकळा कुत्रा पोहून, चढून जीव वाचवू शकतो.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्यामुळे आम्ही कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधतो आणि रात्री सोडतो. आता तो रात्रीही येत नाही आणि दिवसा मुलांवर गुरगुरतो. (एक वाचक, उचगाव)

उत्तर : दिवसभराची साखळी आणि रात्रीची मोकळीक, या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. बारा-चौदा तास एका खुंट्याभोवती फिरलेल्या कुत्र्याला सुटल्यावर घराजवळ थांबण्याचे काहीच कारण उरत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकाला तो दात दाखवून दूर ठेवतो. मुलांवर गुरगुरणे हे त्या भीतीचे लक्षण आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे. तोवर मुलांना त्याच्या साखळीच्या टप्प्यात जाऊ देऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवण्याला क्रूरता मानतो, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकालाही त्यात जबाबदार धरतो. शेजाऱ्यांचीही बाजू आहे. कुत्र्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार कारवाई होऊ शकते.

आवाराला भिंत घालणे लगेच परवडत नसेल तर दोन खांबांच्या मध्ये डोक्याच्या वर मजबूत तार ताणून तिच्यावर सरकणारी हलकी साखळी लावता येते. दोन्ही टोकांना खांबाच्या अलीकडे गाठ किंवा अडथळा असावा, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळली जाणार नाही. जवळपास अशी भिंत किंवा कठडा असू नये की जिच्यावरून उडी मारल्यास कुत्रा पलीकडे लटकेल. सावली आणि पाणी साखळीच्या टप्प्यात असावे. ही सोय दिवसातले काही तास, घरात कोणी असताना वापरावी. रात्री त्याला घरात किंवा बंद पडवीत घ्यावे.

रात्री परतत नाही याचे आणखी एक कारण तपासून पाहावे. महामार्गालगतच्या धाब्यांच्या आणि मटणाच्या दुकानांच्या मागे टाकलेली हाडे व उरलेले खाणे हे कुत्र्यासाठी रोजचे आमंत्रण असते. तो सकाळी येऊन घरचे खात नसेल तर त्याचे पोट कुठे भरते, हे एकदा शोधावे आणि रात्री सोडणे बंद करण्यापूर्वी संध्याकाळचे जेवण वेळेवर, पोटभर सुरू करावे.

प्रश्न : फटाक्यांच्या आवाजाने आमची कुत्री दरवर्षी पळते. झोपेची गोळी द्यावी का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : माणसांची गोळी मुळीच देऊ नये. काही औषधांनी कुत्रा फक्त निपचित पडतो, भीती मात्र तशीच आत राहते, आणि असा कुत्रा पुढच्या वर्षी अधिक घाबरतो. भीती कमी करणारी औषधे आहेत. त्यासाठी गणेशोत्सवाच्या आणि दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्यकाला भेटावे. फटाक्यांच्या दिवशी तिला अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे, रस्त्यापासून सर्वांत आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून कोणीतरी जवळ बसावे. तिला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. पेठेतल्या घरांची दारे सणाला सतत उघडी असतात, म्हणून त्या दिवसांत घरातही गळ्यात नावाची पट्टी असू द्यावी.

प्रश्न : मायक्रोचिप बसवली तर मोबाईलवर कुत्रा कुठे आहे ते दिसते का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : दिसत नाही. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, आणि स्कॅनर अगदी जवळ नेला की ती फक्त तिचा पंधरा अंकी क्रमांक दाखवते. तो क्रमांक आपल्या सध्याच्या मोबाईल क्रमांकाशी जोडलेला असेल तरच तिचा उपयोग. ठिकाण दाखवतो तो सिमकार्डावर चालणारा जीपीएसचा पट्टा. तो वेळोवेळी चार्ज करावा लागतो आणि डोंगराळ भागात नेटवर्क नसेल तिथे गप्प राहतो. खर्च करण्यापूर्वी गळ्यात कोरीव पट्टी घालावी, तिच्यावर कुत्र्याच्या नावापेक्षा दोन मोबाईल क्रमांक ठळक असावेत. शस्त्रक्रिया झाली असल्यास तेही कोरावे, म्हणजे सापडलेला कुत्रा ठेवून घेण्याचा मोह कमी होतो. गळ्यातल्या पट्ट्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी पकडणाऱ्या पथकालाही तो पाळीव असल्याचे कळते.

प्रश्न : आमचा तेरा वर्षांचा पॉमेरेनियन कधीच बाहेर जात नसे. आता दार उघडे दिसले की चालत सुटतो आणि गल्लीच्या टोकाला उभा राहतो. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : म्हातारपणी काही कुत्र्यांचा मेंदू थकतो; त्यांना ओळखीच्या जागी दिशा कळेनाशी होते, रात्रंदिवसाचे भान जाते, ते कोपऱ्यात तोंड करून उभे राहतात. डोळे आणि कान अधू झाल्यानेही असेच घडते, म्हणून तपासणी करून घ्यावी. काही औषधांनी आणि आहाराने थोडा फरक पडतो. घरातले सामान हलवू नये, रात्री मंद दिवा ठेवावा, आणि मोतीबिंदू झाला असल्यास दारात आडवी फळी लावावी. त्याला एकट्याला बाहेर सोडण्याचे दिवस आता संपले आहेत, हे प्रेमाने स्वीकारावे.

प्रश्न : हे पत्र लिहीत असताना आमचा कुत्रा तीन दिवसांपासून बेपत्ता आहे. शोधायचे कसे? (एक वाचक, कळंबा)

उत्तर : आपल्याला फोनवर कळवले आहेच, इतरांसाठी इथे लिहितो. घाबरून पळालेला कुत्रा बहुधा फार लांब जात नाही, जवळच झुडपात, बंद बांधकामात, उभ्या वाहनाखाली दडून राहतो आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून पहिला शोध घराच्या आसपास, बारकाईने आणि शांतपणे घ्यावा. सर्वांत चांगली वेळ पहाटेची, वर्दळ सुरू होण्यापूर्वीची. सकाळी फिरायला येणारे लोक, कचरा गोळा करणारे कर्मचारी, रिक्षाथांब्यावरचे चालक, चहाच्या गाड्यावाले यांना छायाचित्र दाखवावे, कारण रस्त्यावरचे नवे कुत्रे त्यांच्याच नजरेत आधी येते. घराबाहेर त्याचे अंथरूण आणि आपला वापरलेला कपडा ठेवावा व फाटक उघडे ठेवून रात्री कोणीतरी जागे राहावे. महापालिकेच्या पथकाकडे, जवळच्या पशुवैद्यकांकडे आणि प्राणिमित्रांकडे छायाचित्र व खुणा द्याव्यात. मात्र एखादी खास खूण जाहिरातीत न देता स्वतःजवळ राखावी, म्हणजे खोटे फोन ओळखता येतात.

तो दिसला की त्याच्यामागे धावू नये आणि चार जणांनी घेरूही नये. घाबरलेला कुत्रा मालकालाही ओळखत नाही. थोड्या अंतरावर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे, नेहमीच्या आवाजात बोलावे, खाऊ जवळ टाकत राहावे आणि तो आपणहून अंगाला लागेपर्यंत हात पुढे करू नये. याला अर्धा तासही लागेल.

घरी आणल्यावर लगेच पोटभर खायला घालू नये. आधी पाणी, मग थोडे थोडे मऊ अन्न द्यावे. केसांत बोटे घालून चाव्याच्या जखमा आणि गोचीड शोधाव्यात. एकही चावा दिसला, तर रेबीजची लस वेळेवर दिलेली असली तरीही जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. पुढच्या मात्रा ते ठरवतील. जखम हाताळताना हातमोजे घालावेत. शोधताना किंवा पकडताना घरातल्या कोणाला कोणत्याही कुत्र्याचा दात लागला असेल, तर ती जागा पंधरा मिनिटे साबणाने धुवून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात लगेच जावे. पुढच्या दोन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला, भूक गेली किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्यावे.